सही थांबवा, आधी ओळंबा लावा

वाचकाचं पत्र

नमस्कार काकाजी,

नागपूरला खामल्यात आमचं 1991 सालचं घर आहे. सासऱ्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलं. खाली वीस बाय बाराचं तळघर आहे. आधी तिथं ह्यांच्या ट्यूशन चालायच्या; आता पुस्तकांचे खोके, पाहुण्यांच्या गाद्या आणि महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकाची मोठी भांडी असतात. पश्चिमेच्या विटांच्या भिंतीला ओल आहे. दोनदा पुट्टी करून ऑइल पेंट मारला, तिसऱ्यांदा वॉटरप्रूफ पेंट. दर वेळी दुसऱ्या पावसाळ्यात पोपडे. यंदा नागपंचमीच्या आठवड्यात भिंत आणि फरशीच्या सांध्यातून पाणीच वर आलं, चार बोटं साचलं. एका ठेकेदाराने आतून केमिकल कोटिंगचे 1 लाख 85 हजार सांगितले, दहा वर्षांची गॅरंटी. गणपतीआधी सही केली तर दहा हजार कमी. हे म्हणतात, करून टाकू. सासरे म्हणतात, "तीस वर्षं काही झालं नाही, आता कसं होते?" घरात रोज तोच विषय. काय करावं?

– एक वाचक, खामला

ता. क. त्या भिंतीच्या मधोमध एक आडवी भेगही आहे. पोपडे काढताना दिसली. तिचं काही करावं लागेल का?

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यांत मोठी गोष्ट तुम्ही ताज्या कलमात टाकली आहे. ओल, पोपडे, चार बोटं पाणी, ठेकेदाराची सूट, हे सगळं त्या आडव्या भेगेच्या मागे रांगेत उभं करा.

भिंतीला पडणाऱ्या सगळ्या भेगा सारख्या नसतात. केसासारखी उभी भेग बहुतेक वेळा छपाई, म्हणजे प्लास्टर, सुकताना पडलेली असते. तिच्यातून पाणी झिरपेल, पण घर काही पडत नाही. विटांच्या सांध्यांमधून पायऱ्या उतरत जाणारी तिरपी भेग असेल तर पाया एका बाजूला खचतोय किंवा उचलला जातोय असं समजायचं. तळघराच्या भिंतीला मधोमध आडवी भेग मात्र बहुधा एकाच कारणाने पडते: बाहेरची माती भिंतीला आत ढकलते आहे. आणि आपली काळी माती ढकलण्यात पटाईत. भिजली की फुगते, वाळली की आकसते. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, कुठल्याही रिकाम्या प्लॉटवर जाऊन पाहा, भेगांमध्ये अख्खा पंजा जातो. मृगाचं पहिलं पाणी त्या भेगांमधून सरळ पायापाशी उतरतं, मग वरची माती फुगून भेगा मिटतात आणि आत गेलेलं पाणी तिथंच कोंडलं जातं. तुमच्या भिंतीने असे तीसहून जास्त पावसाळे सोसले आहेत.

त्यात पाण्याचा रेटा वेगळा. भिंतीमागे एक मीटर पाणी उभं राहिलं की तळाशी दर चौरस मीटरला सुमारे एक टन दाब येतो. दोन मीटर साचलं तर दोन टन. तुम्ही लावलेला पेंट ह्या दाबाच्या उलट्या बाजूला आहे. पाणी त्याला मागून ढकलतं आणि तो फुगा होऊन सुटतो. म्हणून कंपनी बदलून, डबा महागाचा घेऊन काहीही होणार नाही. तीन वेळा पैसे घालून ते तुम्ही स्वतःच सिद्ध केलं आहे.

आता काम सांगतो, आजच करा. मिस्त्रीकडचा ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेलं वजन, आणा. भिंतीच्या वरच्या टोकाला खिळा ठोकून, दोन इंच बाहेर धरून तो सोडा. वर, मधे आणि खाली दोरीपासून भिंतीचं अंतर मोजा. भेगेपाशी भिंत पाऊण-एक इंच आत आलेली दिसली, तर कोटिंगवाला नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा, आणि त्याच आठवड्यात बोलवा. फुगवटा नसेल तरी भेगेच्या दोन्ही अंगांना पेन्सिलीच्या खुणा करून मधलं अंतर आणि तारीख भिंतीवरच लिहून ठेवा. भेग ओलांडून जाईल अशी काचेची एक पातळ पट्टी उभी ठेवून दोन्ही टोकांना घट्ट चिकटवा. महिना-दोन महिन्यांत ती तडकली तर भेग चालू आहे. आणि त्या भिंतीला लागून बाहेर गाडी उभी राहत असेल, तर आजपासून ती दुसरीकडे लावा. गाडीचं वजनही मातीतून आडवं भिंतीवर येतं.

भेगेचा निकाल लागेपर्यंत आतून कोटिंग करायचं नाही. कोटिंग झालं की भेग झाकली जाईल, आणि पुढे ती वाढली तर तुम्हाला कळणारही नाही.

आता तुमच्या सासऱ्यांकडे वळतो. "तीस वर्षं काही झालं नाही, आता कसं होते?" ताई, हे कुरकुरणं नाही. पूर्ण पत्रातला सगळ्यांत हुशार प्रश्न हाच आहे. घर तेच आहे, मग बदललं काय? नागपुरात बदललेल्या गोष्टी मी सांगतो, तुमच्या घराला कोणती लागू पडते ते तुम्ही पाहा. सिमेंटचे रस्ते झाले, तेव्हा कित्येक वस्त्यांमध्ये रस्ता अंगणापेक्षा वर गेला. जे पाणी अंगणातून रस्त्यावर जायचं ते आता रस्त्यावरून अंगणात येतं. अंगणातली माती जाऊन कंपाउंडभर गट्टू (पेव्हर ब्लॉक) बसले, पण उतार घराकडे राहिला. शेजारच्या बंगल्याच्या जागी फ्लॅट स्कीम आली आणि त्यांनी प्लॉट भरून उंच केला. गच्चीवरचा पाइप पूर्वी लांब नालीत जायचा, मधे कुणीतरी दुरुस्ती करताना तो जोत्याशी तोडून ठेवला. आणि कूलर.

हो, कूलर. पत्रात तुम्ही त्याचं नाव काढलं नाही, पण पश्चिमेच्या खिडकीत कूलर असणार, यावर मी पैज लावायला तयार आहे. नागपुरात पश्चिमेचं ऊन आणि कूलर यांची जुनी दोस्ती आहे. एप्रिलपासून जूनपर्यंत तो गळतो, भरताना उतू जातो, आणि थेंब थेंब पाणी भिंतीच्या पायथ्याशी मुरत राहतं. चारी बाजूंची माती वाळून आकसलेली असताना तेवढाच एक पट्टा भिजून फुगलेला राहतो. घर हलवायचं असेल तर ह्याहून चांगली युक्ती नाही. त्या भिंतीला लागून जास्वंद, कढीपत्ता असेल आणि त्यांना संध्याकाळी पाइपने पाणी घातलं जात असेल, तर तेही ह्याच खात्यात मांडा. कूलरच्या टाकीला फ्लोट बसवा, तिचं पाणी पाइपने लांब सोडा. झाडं कुंड्यांत न्या. खर्च फारसा नाही, फक्त घरातल्या एका माणसाचं मन राखून करायचं काम आहे.

पण सगळ्यांत मोठा गुन्हेगार बहुधा गच्ची. हिशेब करून पाहा. 1,000 चौरस फुटांच्या गच्चीवर 100 मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे 9,300 लिटर पाणी जमा होतं, म्हणजे जवळजवळ दोन टँकर. नागपुरात वर्षाला साधारण 1,000 ते 1,100 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. हे पाणी दोन-तीन पाइपांतून खाली येतं आणि ते पाइप जोत्याच्या बोटभर अंतरावर संपतात. तळघरासाठी खड्डा खणला, भिंत बांधली, उरलेल्या फटीत खणलेली तीच काळी माती परत लोटली, असं त्या काळात सर्रास व्हायचं. ती भरलेली माती कधीच मूळ मातीइतकी घट्ट बसत नाही. म्हणजे घराभोवती एक सैल पट्टा, त्याच्या बाहेर पाणी न जिरवणारी घट्ट माती. तुम्ही दरवर्षी त्या पट्ट्यात गच्चीचं पाणी ओतता आणि मग तळघर विहिरीत उभं असल्यासारखं होतं.

तेव्हा ह्या पावसाळ्यातलं उरलेलं पाणी वाया घालवू नका, ते तुमची प्रयोगशाळा आहे. जोरदार पाऊस आला की छत्री घेऊन घराभोवती एक चक्कर मारा. पाइप कुठे ओततो, गट्टूंवर पाणी कोणत्या बाजूला धावतं, कुठे साचतं, हे डोळ्यांनी पाहा. तळघरात पाणी पाऊस सुरू झाल्यावर तासा-दोन तासांत येत असेल तर ते वरचं पाणी आहे: गच्ची, अंगण, रस्ता. पाऊस थांबल्यावर दोन दिवसांनी चढत असेल आणि आठवडाभर हलत नसेल तर जमिनीतली पातळीच वर आली आहे. आणि उघाड असतानाही तेवढंच असेल तर नळाची लाइन, जमिनीखालची टाकी किंवा चेंबर तपासा. टाकीची परीक्षा सोपी आहे. रात्री झोपताना तोटी आणि मोटर बंद करून पाण्याच्या रेषेवर खूण करा, सकाळी पाहा. चेंबरच्या पाण्याला वास सांगतोच.

तुमचे यजमान कदाचित मोबाइलवर पाहून म्हणतील की हा हवेतला दमटपणा आहे, डीह्युमिडिफायर आणू. थंड देशांत ते बरोबर असतं, कारण तिथली तळघराची भिंत गार असते. आपल्याकडे सात-आठ फूट खालची जमीन वर्षभर साधारण 27 अंशांच्या आसपास असते. तिच्यावर दव धरायला हवा फारच चिकट लागते. तरीही शंका असेल तर भिंतीच्या त्यातल्या त्यात कोरड्या भागावर दीड फूट चौरस जाड प्लास्टिक चारी कडांनी टेप लावून चिकटवा आणि एक दिवस थांबा. पाणी प्लास्टिकच्या तुमच्या बाजूला दिसलं तर हवेतलं, भिंतीच्या बाजूला दिसलं तर मातीतलं. सांध्यातून चार बोटं पाणी वर आल्यावर मला ह्या परीक्षेचा निकाल आधीच माहीत आहे, पण यजमानांचं समाधान होईल.

पाणी कुठून येतं हे कळलं की कामाचा क्रम आपोआप ठरतो. पाइप आधी. प्रत्येक पाइप भिंतीपासून निदान आठ-दहा फूट लांब नेऊन नालीत किंवा शोषखड्ड्यात सोडा. शोषखड्डा घराच्या कुशीत मात्र करू नका. हे मी अनुभवाने सांगतो. पावसाचं पाणी जिरवायचं म्हणून मी माझ्या घरी मोठ्या उत्साहाने खड्डा केला, भिंतीपासून चार फुटांवर. गेटवर पाटीही लावली. पुढच्या श्रावणात कोठीच्या खोलीला ओल. पाणी जिरलं, पण माझ्याच पायात. तो खड्डा बुजवून वीस फुटांवर दुसरा केला, पाटी पुन्हा लावली नाही.

मग उतार. भिंतीपासून पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार बाहेरच्या दिशेने हवा. बाजूची जागा पाचच फूट असेल तर तीन इंच. गट्टू उचलून खालची काळी माती फूटभर काढा, मुरूम भरून ठोका, त्यावर घराभोवती तीन फुटांचा काँक्रीटचा पट्टा करा. हा पट्टा भिंतीला थेट चिकटवून ओतला तर माती फुगल्यावर तो तडकणार आणि पाणी नेमकं त्याच फटीतून उतरणार. म्हणून मधे अर्धा इंच जागा सोडून ती लवचीक सीलंटने भरायला सांगा. मिस्त्री "गरज नाही" म्हणेल. त्याच्याशी वाद घालू नका, फक्त समोर खुर्ची टाकून बसा. तुमच्या सासऱ्यांनी 1991 साली तेच केलं होतं.

माझा अंदाज आहे की एवढ्यानेच अर्ध्याहून जास्त ओल थांबेल. तरीही पुढच्या पावसाळ्यात पाणी आलं, किंवा इंजिनिअरने भिंतीला आधार द्यायला सांगितला, तर बाहेरून खणायचं काम करा. ते दिवाळीनंतर आणि होळीच्या आत. तेव्हा माती फार फुगलेली नसते आणि फार तडकलेलीही नसते. सगळी बाजू एकदम उघडी करायची नाही. चार-पाच फुटांचा तुकडा खणा, पूर्ण करून भरा, मग एक सोडून पुढचा घ्या. पायाच्या तळाखाली पहार जाऊ द्यायची नाही. आणि पाच फुटांपेक्षा खोल चरात फळ्यांचा आधार दिल्याशिवाय मजुराला उतरवू नका. काळ्या मातीची कड सकाळी भिंतीसारखी उभी दिसते आणि दुपारी बसते.

उघड्या भिंतीची माती घासून काढायची, सांधे आणि भेग भरून वर सिमेंटची छपाई, ती सुकल्यावर डांबरी मेंब्रेन किंवा तसं कोटिंग, आणि भरताना दगडाने ते फाटू नये म्हणून त्यावर संरक्षक शीट. तळाशी भोकं असलेला पाइप, त्याला जिओटेक्स्टाइलचं कापड गुंडाळून, भोवती गिट्टी. हा पाइप कुठेतरी उतारावर सुटला पाहिजे किंवा पाणी गोळा करायच्या खड्ड्यात (संपमध्ये) गेला पाहिजे, नाहीतर तुम्ही पाण्याला फक्त नवं घर बांधून दिलं. भरताना काढलेली काळी माती परत टाकायची नाही, मुरूम टाकायचा. ट्रक बोलवून माती आधीच अंगणाबाहेर काढा, नाहीतर संध्याकाळी मजूर तीच लोटून मोकळे होतात.

ठेकेदाराचं काय? तो फसवतोच आहे असं मी म्हणत नाही. शेजाऱ्याची भिंत चिकटलेली असली, बाहेरून खणायला जागाच नसली, तर आतून इलाज करावा लागतो. पण त्याला तीन गोष्टी विचारा. एक, माल कोणता? भिंतीत स्फटिक तयार करून छिद्रं बुजवणारा प्रकार काँक्रीटवर चालतो, कारण त्याला सिमेंटमधली द्रव्यं लागतात. विटांच्या भिंतीवर तो तसा काम करत नाही. तुमची भिंत विटांची आहे. दोन, भिंत बंद केल्यावर सांध्यातलं पाणी कुठे जाणार? ते फरशी उचलेल किंवा शेजारच्या भिंतीतून येईल. आतूनच करायचं असेल तर भिंतीच्या कडेने फरशीत नाली कापून पाणी एका खड्ड्यात आणि तिथून फ्लोट लावलेल्या पंपाने बाहेर, हा प्रामाणिक इलाज आहे. पंप इन्व्हर्टरवर ठेवा, कारण वादळात पाणी येतं तेव्हाच लाइट जाते. तीन, गॅरंटीच्या कागदावर "भेग पडल्यास लागू नाही" असं बारीक अक्षरात आहे का? असेल तर तुमच्या भिंतीला भेग आधीच आहे आणि त्याने ती पाहिली आहे. दहा हजारांची सूट त्याच्याकडेच राहू द्या.

रंगाची घाई करू नका. भिंतीवर पांढरा लोणा आला असेल तो कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा, पाण्याने धुऊ नका. धुतलं की क्षार परत आत जातात. फुगलेली पुट्टी आणि सैल छपाई काढून भिंत पूर्ण उन्हाळाभर उघडी ठेवा. कुरूप दिसेल. वरून प्लायवूड किंवा पॅनेल लावून झाकायचा सल्ला कुणी दिला तर तो वाळवीला आमंत्रण देतोय असं समजा.

अजून एक, तळघर असलेल्या प्रत्येक नागपूरकराला सांगावंसं वाटतं. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे चारेक तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत लोकांना झोपेतून उठून गच्चीवर पळावं लागलं. तसं पाणी पुन्हा आलं आणि तळघर गळ्यापर्यंत भरलं, तर मेन स्विच बंद केल्याशिवाय त्या पाण्यात पाय घालू नका, आणि स्विचच तळघरात असेल तर आधी तो वर हलवून घ्या. पाणी ओसरल्यावर दोन मोठे पंप लावून तासाभरात तळघर रिकामं करायचाही मोह आवरा. बाहेरची माती तेव्हा चिंब असते. आतलं पाणी भिंतीला उलटा आधार देत असतं. एक फूट काढा, खूण करा, रात्रभर थांबा. पातळी वर चढली नाही तर पुढचा फूट. तुमच्यासारखी आडवी भेग असलेल्या भिंतीला तर हे दुप्पट लागू.

शेवटी घरातला रोजचा विषय. सासऱ्यांना "तुम्ही बांधलेल्या घराचा पाया चुकला" असं ऐकू येत असणार, म्हणून ते अडून बसले आहेत. त्यांच्यासमोर वही ठेवा आणि विचारा: बाबा, पश्चिमेच्या भिंतीमागे काय भरलं होतं, काळी माती की मुरूम? भिंत नऊ इंची की चौदा? बाहेरून छपाई केली होती का? तेव्हा रस्ता आपल्या फाटकापेक्षा किती खाली होता? ह्या प्रश्नांची उत्तरं त्या ठेकेदाराकडे नाहीत, माझ्याकडे नाहीत, येणाऱ्या इंजिनिअरकडेही नसतील. पावसाची नोंद आणि काचेची पट्टीही त्यांच्याच ताब्यात द्या. कूलरचा मुद्दा वही अर्धी भरल्यावर काढा.

तोवर पुस्तकांचे खोके आणि गाद्या वर आणा. महालक्ष्म्यांची भांडी राहू द्या, त्यांना पाण्याचं काही वाटत नाही. आणि ओळंब्याचे तीन आकडे, वरचा, मधला, खालचा, मला कळवा.

– काकाजी